कागदावर न लिहिलेली दोन वर्षं

आमच्याकडे पगार विचारणं म्हणजे तब्येत विचारण्यासारखंच. बाबा एसटीच्या कंडक्टरला विचारतात, गावात नव्याने आलेल्या मास्तरला विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसालाही विचारतात. पण तालुक्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या समुपदेशक मॅडमना त्यांनी तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमाले पगार किती भेटते?" तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त मला उत्तराची धास्ती होती.

माझी बारावी झाली होती. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात मानसशास्त्राच्या पदवीला माझा नंबर लागला होता, आणि त्यासाठी साडेपाच लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं होतं. घरी दीड एकर धान आणि मासेमार सोसायटीच्या तलावातला बाबांचा वाटा, एवढंच. म्हणून मी वहीच्या कागदावर सगळं मांडून दाखवलं होतं. तीन वर्षांची फी, खोली, मेस, आणि शेवटी कॉलेजच्या रंगीत पत्रकातून उचललेला पगार, महिना चाळीस हजार. "दोन वर्षांत फिटते, बाबा," मी छाती ठोकून सांगितलं. खरं तर नुसत्या पदवीवर समुपदेशक म्हणून कोणी ठेवत नाही, पुढे एम.ए.ची दोन वर्षं लागतात, हे तिथेच शिकणाऱ्या एका मुलीने मला फोनवर सांगितलं होतं. ती दोन वर्षं मी कागदावर घेतलीच नाहीत. त्या वयात मी भारी हुशार होते.

हे शिकायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते या मॅडमनीच, त्यांना पत्ताही नसताना. आदल्या उन्हाळ्यात जंगलात मोहफुलं वेचताना आईच्या डोळ्यांसमोर तिच्या शेजारच्या बाईला वाघाने नेलं. तेव्हापासून आई उंबऱ्याबाहेर पडेना, बोलेना. बाजारात मासे विकताना जिचा आवाज पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. बाबा तिला दर बुधवारी बसने दवाखान्यात न्यायचे, मीही सोबत असायची. मॅडम वाघाचं नावच काढायच्या नाहीत. एकदा त्या आपण रोहू कसा करतो ते सांगू लागल्या आणि म्हणाल्या, खवले मी शिजल्यावर काढते. आईने मान वर केली. "असं नाई करत, बाई," ती म्हणाली, आणि मग पंधरा मिनिटं थांबलीच नाही. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, आपण हेच करायचं.

म्हणून बँकेत सही करायला जाण्याआधी बाबा मला घेऊन मॅडमकडे आले होते. माझा कागद त्यांनी मॅडमच्या पुढ्यात ठेवला आणि सवयीप्रमाणे पगार विचारला.

मॅडम हसल्या, पण त्यांनी टाळलं नाही. "बावीस हजार, भाऊ. तेही करारावर. दरवर्षी नवा करार." मग कागद वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसत्या पदवीवर ही खुर्ची मिळत नाही गं. मी पुढे दोन वर्षं शिकले. व्याज पहिल्या वर्षापासून चढतं, माझ्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. काम मात्र मला फार आवडतं, हेही खरं." बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये मी मॅडमवर तोंडसुख घेत राहिले. यांना पुण्यातलं काय कळतं, यांनी स्वतः कमी पगार घेतला तर मी काय करू, असलं काहीबाही. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. बसमधून उतरून तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, घराकडे जाताना ते थांबले.

"ते दोन वर्ष तुले माहीत होते?"

"हो."

"मंग काऊन नाई लिहिले?"

"तुमी नाई म्हणसान म्हणून."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पाळीवर खाली बसले. "मी तं तुहा कागद मिरवाले नेला होता, पोरी. म्हटलं, मॅडमले दाखवू, आपली पोरगी किती हुशार हाय."

मला रडू आवरेना. त्यांच्या शेजारी बसून मी त्यांच्या खिशातला कागद काढून उलटा केला आणि पाठीमागे सगळं नव्याने मांडलं. या वेळी पाच वर्षं, बावीस हजार आणि व्याज. बाबा एकेक आकडा विचारून घेत होते. हप्ता गेल्यावर हाती काय उरतं ते पाहिलं आणि मी पेन खाली ठेवलं.

"पुणे नाई जमत, बाबा. चंद्रपूरलेच करतो बी.ए. तिथी फी कमी हाय. कर्ज काढू तं पुढच्या दोन वर्षांसाठी." ते मी पुढे काढलंही, अजून फेडते आहे.

बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तूच बोलली. माह्या तोंडातून 'नाई' नसतं निंगालं. मी देल्ली असती सही करून."