टाकीआडून फाटकापर्यंत

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीतून निघणारी वाट पाण्याच्या टाकीमागे जाते आणि फाटकापाशी बाहेर येते. मी सकाळी कामाला निघाले की नवरा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा असायचा. टाकीआड दिसेनाशी झालेली मी फाटकाशी येऊन वर बघायचे, तर याची नजर आधीच तिथे हजर, हातही अर्धा वर. "पाळत ठेवतोस का रे?" म्हणून मी चिडवायचे.

हा अर्नाळ्याचा, कोळ्याघरचा. लग्नानंतर किनाऱ्यावर घेऊन गेला, तेव्हा सासऱ्यांची होडी किल्ल्याच्या बेटाआड गेली. मी खुळ्यासारखी ती गेली तिथेच बघत राहिले. हा हसला. "तिथं नुसतं पानीच दिसनार. निघनार कुठं ते बघ." त्याने बोट दाखवलं तिथूनच होडी निघाली.

गेल्या वर्षी त्याला स्ट्रोक आला. बोलणं परतलं, काठीच्या आधाराने चालणंही. नजर मात्र मागे राहिली. डॉक्टर म्हणाले, हलत्या वस्तूमागे डोळे नेहमी थोडे उशिराच पोचतात. म्हणून ती पुढे कुठे असेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि डोळ्यांना तिथे धाडतो, वस्तू आड गेली तरी. याचा तो अंदाजच बिघडलाय. सरावाने येईल, कदाचित.

मला एवढंच कळलं, की इतकी वर्षं रोज सकाळी कुणीतरी मला माझ्याआधी फाटकापाशी पोचवत होतं. मला ते परत हवंय.

घरी सरावासाठी मी पुठ्ठ्यामागून पेन्सिल सरकवते. याची नजर पेन्सिल आड गेली त्या कडेलाच खिळलेली. "दमलो गं," म्हणतो. मी वैतागते, मग स्वतःवरच चिडते.

आता हा गॅलरीत खुर्चीवर बसतो. मी फाटकाशी जाऊन वर बघते, तर हा मी दिसेनाशी झाले त्या कोपऱ्याकडेच बघत असतो. मग उशीर झाला तरी मी उलटी फिरते, कोपऱ्यावर येऊन हात करते. त्याचा चेहरा खुलतो.

काल म्हणाला, "तू परत तिथंच येनार, मला ठाऊक असतं." खरं, की माझं मन राखायला, कोण जाणे.

म्हणून आज मुद्दाम परत फिरले नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी फाटकापाशी वर बघत उभी. नजर कोपऱ्यावरच होती. पण हात आधीच अर्धा वर उचललेला.

मी धावतच कोपऱ्यावर गेले.