हलणारा बाण

अकोल्यात आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आल्याआल्या इंटरनेटची वायर काढतो आणि दुपट्ट्यासारखी खांद्यावर टाकतो. पत्नी गेल्यावर पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला, तेव्हा मी त्याला कितीतरी दिवस बोलावलंच नाही.

शेवटी आला, तेव्हा त्याने विचारलं, "इतके दिस बोलावलं नाही, कावून, काका?"

"वाटलं, तीच आहे."

तो हसला नाही. "बाहेरून कोनीतरी चोरून चालवून राहिला होता. पुरा फॉरमॅट मारून सारंच पुसलं, तर याच्यात भरलेल्या काकूच्या आवाजातल्या ओव्या जातीन."

म्हणून दुपारभर बसून, चहा थंड होऊ देत, त्याने तो लपलेला प्रोग्रामच तेवढा शोधून काढला आणि पुसला. मग खांद्यावरची वायर जोडली. बाण हलला नाही. मी पाहतच राहिलो.

त्याने माऊस माझ्या हाताखाली सरकवला. "आता तुमी हालवा, काका. काकूले आयकू."