साडूंचा शूटर

आमच्या साडूंना देवाने आधी व्हॉलीबॉल म्हणूनच घडवायला घेतलं असणार आणि अगदी शेवटी विचार बदलून हातपाय चिकटवले असणार, याविषयी माझ्या मनात तरी शंका नाही. बुटके, गोल, आणि कुठे टेकले रे टेकले की पुन्हा वर! हे गृहस्थ चंद्रपूरला मुलांच्या निरीक्षणगृहाचे अधीक्षक. म्हणजे पोलिसांच्या हाती सापडलेली अल्पवयीन पोरं जामीन किंवा निकाल होईपर्यंत जिथे ठेवतात, तिथले मुख्य. अशा जागेचा मुख्य म्हटल्यावर जरब, मिशा, किल्ल्यांचा जुडगा असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. यांच्या गळ्यात शिट्टी. मेहुणीबाई सांगतात, चहा हवा असला तरी घरात शिट्टीच वाजते.

नवा मुलगा दाखल झाला की बाकीचे लोक आधी विचारतात, काय केलंस? साडू ओरडतात, "हात वर कर!" पोरगं सरळ ठाण्यातून आलेलं. ते बिचारं दोन्ही हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. "दोन नोको बे, एकच! कुठवर पोचते पाहू दे!" मग दाराच्या चौकटीवर खडूची खूण होते. रडत आलेलं पोर रडं विसरून टाचा उचलताना मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या मूल गावच्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं ऐन रंगात आली होती आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाचा हात खाली आला. मांडवाच्या पार मागून साडूंचा आवाज घुमला, "ताणा! नेट ताणा! मधात लोंबून राह्यली ना!" भटजींचं पुढचं कडवं गेलं ते गेलंच. नवरी अंतरपाटाआड इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या सुटल्या.

तर असे हे साडू. दर हिवाळ्यात आपल्याच आवारात ढालीसाठी व्हॉलीबॉलचे सामने भरवायचे, कचेऱ्यांचे संघ बोलवायचे, मला पंच करायचे आणि दणकून हरायचे. हरायचं कारण सोपं होतं. त्यांचा संघ टिकायचाच नाही. सहा पोरं कुठे एकमेकांच्या खेळाला सरावत, तोच त्यातल्या कुणाला तरी जामीन मिळे. आणि तो मिळवायला धावाधाव कोण करी? हेच! वकिलाच्या मागे लागायचं, बाल न्याय मंडळापुढे मुलाची बाजू मांडायची, गावोगाव जाऊन आईबाप शोधायचे. स्वतःचा संघ स्वतःच्या हाताने फोडणारा असा प्रशिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

यंदाचा हिवाळा त्यांचा नोकरीतला शेवटचा. "साडभाऊ, यंदा ढाल आपलीच हाये, लिहून घे!" असं ते फोनवर ओरडले, कारण त्यांना नेटवरून चेंडू खाली ठोकणारा शूटर सापडला होता. आलापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलगावातला मुलगा, काटकुळा, लांब हातांचा. सागवान चोरणाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसला होता. मोठे पळाले, हा राहिला. हा पोरगा नेटजवळ उडाला की वाटे, आता खाली येतो की नाही! साडू त्याच्यावर लट्टू झाले आणि नेहमीप्रमाणे त्याच्या सुटकेच्या मागे लागले. बापाला वाट ठाऊक नव्हती, कागद नव्हते. हे दोनदा एसटीने जाऊन सगळं जमवून आले.

आणि जामीन झाला तो नेमका अंतिम सामन्याच्या दिवशी!

समोर पोट सुटलेल्या पण महाकावेबाज कारकुनांचा संघ कंबर कसून उभा. फाटकात बाप, कुणाचा तरी मागून आणलेला सदरा घालून. आलापल्लीची गाडी तासाभरात लांबच्या स्टँडवरून निघणार, पुढची थेट उद्या. मुलगा म्हणाला, "सर, खेलून जातो ना! बाबा थांबते."

बापानेही मान हलवली. बाकीची पोरं हातापाया पडू लागली. मीही म्हणालो, "भाऊजी, एका सामन्याचा तर प्रश्न आहे. रात्री दोघं माझ्या घरी राहतील, सकाळी मी गाडीत बसवून देतो."

साडूंनी ढालीकडे पाहिलं. मग एकदम उसळले, "कागद आला का पोरगं बापाचं झालं! बापाच्या पोराले म्या खेलाले इथी अडकवू? काऊन? चाल बे, पळ! गाडी सुटन!"

सहावा गडी म्हणून ते स्वतः उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आणि काय खेळले! पडले, लोळले, चेहऱ्यावर चेंडू झेलला. पोरं पेटली. पहिला डाव गेला, दुसरा आणला, तिसऱ्यात बरोबरी, मग कारकुनांचा एक गुण वर. आता चेंडू पडला की सामना गेला! पंचाने पक्ष घेऊ नये म्हणतात, मी घेतला होता.

चेंडू नेटवरून ये-जा करत होता, तेवढ्यात भिंतीपलीकडून एसटी आली. तिच्या खिडक्या भिंतीवरून दिसतात. एका खिडकीतून तो पोरगा कमरेपर्यंत बाहेर आला आणि किंचाळला, "सर, मांगं! मांगं जा!"

साडू मागे गेले नाहीत. भिंतीकडे धावत सुटले. "अंदर हो बे! हात अंदर घे! बापाजवळ बस!"

ते उभे होते त्याच्या जरा मागेच चेंडू पडला. मी शिट्टी वाजवली. कारकुनांच्या कप्तानाला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, हा गुण पुन्हा खेळू. साडूंनी भिंतीजवळूनच हाताने नको म्हटलं.

मी समजूत घालायला गेलो. धूळ खाली बसत होती. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र फुलला होता.

"पाह्यलं का साडभाऊ? बॉल कुठी पडन, ते त्याले चालत्या गाडीतून दिसलं! असं पोरगं मले पुन्हा भेटनार नाई." नाक पुसून ते हळूच म्हणाले, "इथी भेटूबी नये."

मग ते वळले आणि पोरांना नेट सोडायला लावलं.