ताईच्या स्टेशनांची नावं

माझी थोरली बहीण घोटीला असते. मागे तिचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं. फोनवर नुसती चिडचिड करायची. तेव्हा मला आमचा जुना रेल्वेचा गेम आठवला. शाळेत असताना आम्ही दोघी नाशिकच्या घरी एकाच खुर्चीत बसून रूळ टाकायचो, गाड्या सोडायचो आणि भांडायचो. सीडी अजून होती, पण नव्या लॅपटॉपवर गेम चालेना.

शोधल्यावर कळलं, की काही चाहत्यांनी या गेमचं इंजिन, म्हणजे आतून गेम चालवणारा सगळा प्रोग्राम, नव्याने लिहून काढलाय. आपल्या सीडीतली चित्रं आणि आवाज त्यात घातले की झालं. शिवाय दोन गावांतून एकत्र खेळता येतं. तेही फुकट.

रविवारी घोटीला जाऊन मी ताईच्या लॅपटॉपवर तो बसवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही आपापल्या घरून खेळायला बसलो. तिने पहिल्या स्टेशनाला 'सिन्नर' नाव दिलं, तर जोडाक्षर फुटून भलतंच काही दिसायला लागलं.

"अगं, हे काय झालंय? सांग ना त्यांना," ताई फोनवर म्हणाली.

"कुणाला सांगू? ते काय दुकान आहे?"

"सांगून तर बघ."

मी त्या चाहत्यांच्या फोरमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या पानावर, लिहिलं. उत्तर एका परदेशी माणसाचं आलं. त्याला मराठीचं अक्षरही वाचता येत नव्हतं. नावं कशी दिसायला हवीत ते हाताने लिहून पाठवा, म्हणाला. ताईने पडल्या पडल्या कागदावर 'सिन्नर' लिहिलं, आणि मुद्दाम अवघड म्हणून 'त्र्यंबकेश्वर'. तिने काढलेला फोटो मी पुढे पाठवला. त्याच्या पहिल्या प्रयत्नात 'सिन्नर'ची वेलांटी भलतीकडे पळाली. पण तो चिकाटीने करत राहिला, आणि पुढच्या आवृत्तीत सगळी नावं नीट उमटली.

"त्याला काय मिळालं गं यातून?" ताईने विचारलं.

"काहीच नाही."

मग ती म्हणाली, "आपला इंद्रायणी तांदूळ पाठवू त्याला."

तांदूळ त्याने हसून नाकारला. 'त्र्यंबकेश्वर' म्हणतात कसं, तेवढं ऐकवा म्हणाला. ताईने रेकॉर्ड करून पाठवलं. त्याने स्वतः म्हणून परत पाठवलं, ते ऐकून आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आता ताई काठीशिवाय चालते. त्या माणसाचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. पण माझ्या बहिणीचे ते दिवस त्याने सुसह्य केले, हे मी त्याला मनापासून कळवलं.