बफरमधले तीन तास

देऊळगाव राजातल्या त्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत मला कुणीच आवडत नव्हतं, आणि मीही कुणाला आवडत नव्हतो. चिखलीहून आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, एसटीनं यायचो. त्यांचे दोन जुने संगणक सांभाळायचे, शेतकऱ्यांच्या नमुन्यांचे अहवाल छापून द्यायचे, एवढंच काम. अभियांत्रिकीची पदवी घेऊन हे करायला लागतं याचा राग मी तिथल्या प्रत्येकावर काढायचो. तोंडानं नाही, वागण्यातून.

या भागात शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. मिरची, टोमॅटो, काकडी. शेतकरी बियाण्याचा नमुना आणून देतो. ओल्या कागदात शंभर शंभर दाणे गुंडाळून ते चेंबरमध्ये ठेवायचे. चेंबर म्हणजे फ्रिजसारखं मोठं कपाट. त्यात तापमान पंचवीस अंशांवर धरून ठेवतात. ठरलेल्या दिवशी किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचं. कमी आले तर लॉट, म्हणजे त्या शेतकऱ्याचं सगळं बियाणं, नापास. मग वर्षभराची मेहनत तशीच पडून राहते.

ते चेंबर एक मावशी सांभाळायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मात्र छापल्यासारखं. दर तासाला चेंबरच्या काचेतून आतल्या थर्मामीटरच्या पाऱ्याकडे बघायच्या आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायच्या. किती वर्षं हे चाललं होतं त्यांनाच ठाऊक. मला ते बघवत नव्हतं. मी साहेबांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सांगितलं की हे सगळं आपोआप होऊ शकतं. आत एक सेन्सर ठेवला, त्याची तार संगणकाला जोडली आणि दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक दर दहा सेकंदांनी तापमान घेऊन फायलीत एक ओळ लिहायचा. दुसरा त्या फायलीतली शेवटची ओळ वाचून स्क्रीनवर मोठ्या आकड्यात दाखवायचा. रजिस्टर बंद करायला मीच लावलं. मावशींनी काही न बोलता ते कपाटात ठेवलं. मला ते आवडलं नाही. त्यांनी काहीतरी बोलावं, मग मी उत्तर द्यावं, असं मला वाटत होतं.

पहिले काही आठवडे सगळं नीट चाललं. मग साहेबांची तक्रार आली की संगणक सारखा अडकतो, त्यांना पत्रं टाइप करता येत नाहीत. डिस्क म्हातारी झाली होती. दर दहा सेकंदांनी एक ओळ लिहायची म्हटलं तरी ती कुरकुरायची. मी दहा मिनिटांत उपाय केला. आलेली ओळ लगेच डिस्कवर लिहायची नाही, मेमरीत साठवत जायची आणि साठा भरला की सगळं एकदम डिस्कवर उतरवायचं. याला बफर म्हणतात. यात चूक काहीच नाही, जगभर असंच करतात. मी साठा बत्तीस किलोबाइटचा ठेवला. एक ओळ साधारण तीस अक्षरांची. म्हणजे साठा भरायला तीन तास लागणार होते. हा गुणाकार मी तेव्हा केला नाही. संगणक अडकायचा थांबला, साहेब खूश झाले आणि मी संध्याकाळची एसटी पकडली.

म्हणजे त्या दिवसापासून फायलीतला, आणि म्हणून स्क्रीनवरचाही, आकडा तीन तासांपर्यंत शिळा असायचा. चेंबर पंचविसावर स्थिर असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास मावशींचा फोन आला. मी चिखलीत जेवत होतो.

"सर, काचेतला पारा छत्तीस दाखवून राह्यला, अन् तुमच्या स्क्रीनवर पंचवीस हाये. काय करू?"

मला त्या फोनचाच राग आला. आठवड्यातले दोन दिवस त्यांचे, बाकीचे माझे. मी म्हणालो, "मावशी, तो पारा जुना झालाय. स्क्रीनवर दिसतं तेच खरं. आणि दार सारखं उघडू नका, त्यानंच आत गरम होतं."

मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चेंबरचं थंड करणारं यंत्र त्या दिवशी बंद पडलं होतं. किती वाजता ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण सांगू शकणारे आकडे मेमरीत होते आणि पावणेदोनला गावची लाईट गेली. संगणक बंद झाला. मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. साठा भरायला तेव्हा सात-आठ मिनिटं उरली होती, हे मी नंतर हिशेब करून काढलं. लाईट तीननंतर आली, चेंबरचं यंत्रही आपोआप सुरू झालं. संगणक पुन्हा लावल्यावर पहिला आकडा एकेचाळीस होता.

शुक्रवारी मी पोचलो तेव्हा अंगणात पंधरा-वीस शेतकरी उभे होते. कोंब पिवळे पडून वाकले होते, निम्मे दाणे कुजले होते. पुन्हा तपासणी करायची तर पुढचे दोन आठवडे जाणार होते, आणि बियाणं कंपन्यांच्या माल उचलायच्या गाड्या त्याआधीच यायच्या होत्या.

साहेबांनी आत बोलावलं. दोन शेतकरी, मावशी आणि मी. टेबलावर माझ्या फायलीची प्रिंट होती. साहेबांनी बोट ठेवून दाखवलं की दहा पन्नासपर्यंत नोंदी आहेत आणि पुढची थेट तीन दहाची. लाईट गेली पावणेदोनला. मग दहा पन्नासपासून पावणेदोनपर्यंत संगणक आणि चेंबर कुणी बंद केलं, असं त्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या की त्यांनी कशालाच हात लावला नाही, स्क्रीन चालू होती, त्यांनी मला फोनही केला होता. सगळे माझ्याकडे वळले.

मी प्रिंटकडे बघत होतो. दहा पन्नासची ओळ अर्धीच होती. वेळ, मग 'पंचवीस', टिंब, आणि पुढे काही नाही. माणसानं बटण दाबून प्रोग्रॅम बंद केला असता तर ओळ पूर्ण झाली असती. साठा भरला की तो जिथे भरतो तिथे ओळ तोडतो. मावशींनी काहीच बंद केलं नव्हतं, ते तीन तास माझ्या बफरमध्ये गेले होते, हे मला तेव्हाच कळलं. शंका नव्हती.

मी म्हणालो, "फोन आला होता. पण मशीन चालू होतं की बंद, ते मला चिखलीत बसून कसं कळणार?"

साहेबांनी मावशींना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

शनिवारी मी घरच्या संगणकावर तोच प्रोग्रॅम चार तास चालवला आणि मध्येच वायर ओढली. तशीच अर्धी ओळ. हे करायची गरज नव्हती, मला माहीतच होतं. खरं तर दुसरं काही निघावं म्हणून करून पाहिलं.

मंगळवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुला शुक्रवारी माहीत होतं?"

"हो."

"मग आता काऊन सांगून राह्यला?" ते म्हणाले. "शेतकऱ्यांना काय सांगू, की आमचाच प्रोग्रॅम चुकला? बाई गेली, विषय संपला. प्रोग्रॅम दुरुस्त कर आणि गप बस."

मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. एक ओळ वाढवली, जी प्रत्येक आकडा आला की लगेच डिस्कवर उतरवते. दोन मिनिटांचं काम. आणि गप बसलो. साहेबांचा मला तिरस्कार वाटायचा, पण त्यांनी गप बस म्हटल्यावर मला बरं वाटलं हेही खरं.

आठवड्याभरानं बस स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना बाजूच्या टेबलावरचं बोलणं कानावर आलं. शेडनेटवाल्यांनी मावशींना परागीकरणाच्या कामालाही घेणं बंद केलं होतं. या कामात बायका एकेका फुलावर हातानं पराग लावतात, सीझनमध्ये माणूस मिळत नाही, तरी यांना कुणी बोलवत नव्हतं. एक जण म्हणत होता की तिनं मुद्दाम मशीन बंद केलं, कुणीतरी करायला लावलं असेल. दुसरा हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा नमुने द्यायला शेतकरी आले होते. साहेब अजून यायचे होते. मी संगणकाचं तोंड दाराकडे फिरवलं, जुना प्रोग्रॅम चढवला, त्यात आधीचे पंचविसाचे आकडे भरून घेतले आणि सगळ्यांना आत बोलावलं. सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात सोडला. पाण्याची वाफ दिसत होती. स्क्रीनवर पंचवीसच. मी वायर ओढली, पुन्हा लावली, फाइल उघडून अर्धी तुटलेली ओळ दाखवली. हे का झालं तेही सांगितलं. आणि मला हे केव्हापासून माहीत होतं तेही.

मागे उभे असलेले एक म्हातारे शेतकरी पुढे आले. "म्हंजे ती बाई खरं बोलून राह्यली होती."

"हो."

"अन् तिले काढलं तवा तू तिथंच बसला होता?"

मी पुन्हा हो म्हणालो. ते मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. सगळं मला लागू होतं. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी मला सगळ्यांसमोर कामावरून काढलं, आणि नंतर मावशींना निरोप पाठवला की कामावर या.

त्याच म्हाताऱ्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून मावशींच्या घरी नेलं. मी जाणार नव्हतो, त्यांनी विचारलंच नाही. मावशी दारात शेंगा निवडत होत्या. त्यांनी उठून मला बसायला सांगितलं नाही, पाणीही दिलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या खाली बघून शेंगा निवडत होत्या. मला आत्तापर्यंत त्या सर म्हणत होत्या.

"फोनवर तू चुकला, ते ठीक हाये. तुले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तुले माहीत होतं."

"माफी मागायला आलोय, मावशी."

"नाई देत मी. आता जाय."

म्हातारे काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तेव्हा मावशी सूप घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्या प्रयोगशाळेत परत गेल्या नाहीत. त्याच म्हाताऱ्यांच्या शेडनेटमध्ये बायकांच्या गटावर देखरेख करतात असं ऐकलं. साहेब अजून तिथेच आहेत. मी आता चिखलीतल्या एका कॉलेजात शिकवतो. मागच्या हिवाळ्यात देऊळगाव राजाच्या स्टँडवर मावशी दिसल्या. चार बायकांबरोबर जालन्याच्या गाडीची वाट बघत होत्या. मी जवळ जाऊन नमस्कार केला. एका बाईनं विचारलं, हे कोण? मावशी म्हणाल्या, "माहीत नाई," आणि पिशव्या उचलून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.