वीस नंबर राखीव

आमच्या काकांनी पस्तीस वर्षं एका लॉजचं काउंटर सांभाळलं. नेहमीचं गिऱ्हाईक येणार असलं की त्याच्या खोलीची किल्ली ते सरळ खिशात टाकत. रजिस्टरात नोंद करायची भानगडच नाही. किल्लीच नसल्यावर ती खोली दुसऱ्याला देणार कोण?

ते रिटायर झाले आणि वर्षभरात काकू न्हाणीघरात पडली. तेव्हापासून काकांच्या जिवाला घोर लागला. काकूला मात्र पाळत नको. "डोक्याशी बसून राहू नका, मी काही मेले नाही," म्हणत तिने त्यांना खाली पिटाळलं. तडजोड म्हणून माडीवर तिच्या पलंगापाशी कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर आला आणि काका खाली स्वयंपाकघरात दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले.

वीज जाऊन आली की राउटर वरच्या कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा नवाच नंबर द्यायचा, आणि खाली काकू दिसेनाशी व्हायची. वैतागून काकांनी त्या कॉम्प्युटरमध्ये वीस नंबर कायमचा घालून टाकला. हे राउटरलाही कळवावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. किल्ली खिशात होती ना!

एका दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि त्यांच्या वायफायला जोडला. चहा झाला, गप्पा रंगल्या. काका दर वाक्याला पडद्याकडे बघत होते. काकू शांत झोपली होती. एकाएकी त्यांचा कप बशीवर आदळला.

"अरे, तिच्या मागचं घड्याळ बघ! अजून चार वाजून पाचच मिनिटं?"

स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेचार झाले होते. राउटरने वीस नंबर रिकामा समजून माझ्या लॅपटॉपला दिला होता; एकाच नंबरावर दोन कॉम्प्युटर आल्याने वरचं चित्र अडकलं आणि पंचवीस मिनिटं आम्ही ते थांबलेलं चित्र बघत बसलो होतो. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी दुखरे गुडघे विसरून जिना चढणारे काका दिसले, आणि मीही त्यांच्यामागे धावलो.

काकू पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. एक हात कॅमेऱ्याकडे करून हळूहळू हलवत होती.

"अगं, हाक का नाही मारलीस?" काका तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"तुम्ही बघताय म्हटलं," ती म्हणाली. "येतच असाल."

डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, हाड शाबूत आहे. मी राउटरमध्ये वीस नंबर राखून ठेवला आणि काकांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून माडीवर नेली. या वेळी काकूने त्यांना पिटाळलं नाही.