आमचे व्याही आणि थकलेली भाजी

निजामाच्या अख्ख्या मुलुखात मला सौद्यात हरवणारा एकच माणूस निघाला, आणि तो सौदा जेवणाचा होता. हा माणूस म्हणजे आमचे व्याही, माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकता विकता मी भोकरदनच्या बाजारात स्वतःची आडत उभी केली. अडेल गाडीवाल्यांना आणि उर्दूतून कायदा शिकवणाऱ्या नाकेदारांना पुरून उरलो. पण पिंपळगाव रेणुकाईच्या या किडकिडीत म्हाताऱ्याला माझ्या घरचा एक घास खायला लावणं मला वर्षानुवर्षं जमलं नाही. मुलाच्या बापानं सुनेच्या माहेरी जेवायला नकार द्यावा, यासारखा अपमान आमच्यात दुसरा नाही. माझ्या लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं बायका कुजबुजायच्या, "हिच्या माहेरचं अन्न चालत न्हाई म्हणे."

कारण एवढंच, की त्यांना सगळं ताजं लागे. तुम्हाआम्हाला लागतं तसं ताजं नव्हे. तरुणपणी कुणा वैद्यानं त्यांचं पोट बरं केलं आणि डोकं बिघडवलं, असं माझं मत आहे. चुलीवरच्या आधणाला उकळी आली की मगच वांगं झाडावरून उतरायचं, हा त्यांचा नेम. घरामागच्या मळ्यात ते वांग्याच्या झाडापाशी दबा धरून उभे राहत. आतून विहीणबाई ओरडत, "आधण आलं वो!" की हे वांगी तोडून, धोतर सावरत, चुलीकडे धावत सुटत. गावात नव्यानं आलेल्या पटवाऱ्याला वाटलं घराला आग लागली. तो बिचारा घागर घेऊन मागे पळाला. पीठ तर दळल्यावर लगेच मरतं म्हणत. म्हणून परगावी निघाले की बैलगाडीत माणसांच्या आधी जातं चढायचं. आणि बाजारची भाजी? "गाडीत हिंदकळून भाजी थकती, इवाई. थकलेली भाजी पोटात जाऊन झोपती." हे वाक्य ते माझ्याच आडतीवर, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात बोलत.

लेकीच्या लग्नात तर त्यांनी कळस केला. पंगत बसली. वरपित्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. व्याह्यांनी नाकाखाली बोट धरलं आणि जाहीर केलं, "डावी नाकपुडी चालू हाय. उजवी चालू झाल्याबगर अन्न पचत न्हाई." उजवी उघडावी म्हणून ते भर पंगतीत डाव्या कुशीवर आडवे झाले. सारा मांडव हात मांडीवर ठेवून एका नाकपुडीची वाट पाहू लागला. माझ्या चुलत्यांना भूक निघेना. ते ओरडले, "इवाई, उघडलं का दार?" पडल्या पडल्या उत्तर आलं, "जरा दम धरा, उघडून राह्यलं." शेवटी ते उठले, भाताला बोट लावलं आणि म्हणाले, "हा तर गार झाला!" मग सगळ्यांना "होऊ द्या सावकाश" म्हणून शेजारच्या शेतात गेले आणि वेलीवरची काकडी मोडून खाऊ लागले.

माझे कान तापले होते. मी मागोमाग गेलो.

"भात नको तर पुऱ्या तळतो."

"तेल बाजारचं."

"दूध घ्या मग."

"सकाळी काढलेलं."

"अहो, गुळाचा खडा तरी!"

"इवाई, तुम्ही मानूस बिलकुल चांगले. पर पोटासंगं घासाघीस न्हाई करता येत."

तरी खोटं बोलणार नाही. बाळंतपणात लेक अशक्त झाली, तेव्हा तिच्यासाठीही हा म्हातारा आधण ते मळा असाच धावत होता. माझ्याकडे यायचे तर मेथी मुळासकट, मातीसकट टोपलीत घेऊन, वाटेत तिला पाणी पाजत यायचे. "बघा, जागी हाय अजून," म्हणायचे. मेथी मला देऊन स्वतः उपाशी परत जायचे. याचा राग धरावा की काय करावं, मला कळत नसे. म्हणून मी राग धरायचो.

मग निजामशाहीचं शेवटचं साल आलं. खेडोपाडी लुटालुटीची धास्ती पसरली, माणसं घरं सोडू लागली. एका दुपारी व्याही लेकरांबाळांसह माझ्या दारात उभे. गाडीत जातं नव्हतं. घरात आदल्या दिवसाच्या भाकरी होत्या. माझ्या बायकोनं त्या भुकेल्या नातवंडांना दिल्या. व्याह्यांनीही हात पुढे केला.

"थांबा, ताजी थापते," ती म्हणाली.

"असू द्या, इहीणबाई."

त्यांनी ती भाकरी पाण्याबरोबर खाल्ली. इतकी वर्षं मी याच घासाची वाट पाहिली होती, आणि मला तिथे उभं राहवेना.

पुढे सगळं निवळलं. ते गावी परतले, पण मळा वाळून गेला होता. आता ते माझ्याकडे येतात आणि वाढलं ते मुकाट जेवतात. नाकाखाली बोटही धरत नाहीत. परवा मी स्वतः उठून त्यांना कालची गवार वाढली. वाटलं, आता तरी ताट सरकवतील, चारचौघांत माझ्या भाजीला नावं ठेवतील. त्यांनी ताट पुसून खाल्लं.

"इवाई," मी चिडून म्हणालो, "गवार कालची होती!"

"म्हाईत हाय. वास आल्ता," ते म्हणाले. "पर तुम्ही उठून वाढली ना."

मी चुलीवरची भाकरी आणून त्यांच्या ताटात टाकली आणि त्यांच्याकडे न बघता ओरडलो, "ही गरम आहे. खा!"